किडीने राखलेला क्रम

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नानांचा फोन आला. जुन्या नाशकातला त्यांचा वाडा, सरकारवाड्यापासून चालत पाच मिनिटांवरचा, बिल्डरला दिलेला होता आणि रिकामा करून द्यायला नऊ दिवस उरले होते. "आजोबांची एक ट्रंक आहे. कागदच कागद. रद्दीवाला किलोवर घेतो म्हणतोय. टाकण्याआधी तुम्ही एकदा नजर टाका म्हणजे आमच्या मनाला बरं वाटेल."

नानांचे आजोबा डॉक्टर. मुंबई विद्यापीठाची एल.एम.अँड एस. ही तेव्हाची पदवी घेतलेले. पुढे तिची जागा एम.बी.बी.एस.ने घेतली. मुंबईत बरीच वर्षं वैद्यकीचे प्राध्यापक होते, निवृत्तीनंतर नाशकात येऊन वाड्याच्या ओसरीवरच दवाखाना चालवला. त्यांचं नाव, घराण्याचं नाव, कॉलेजाचं नाव यातलं काहीच मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच.

मी पोचलो तेव्हा माजघरात सतरंजीवर पाच व्यवस्थित गठ्ठे लावून ठेवलेले होते. इंग्रजी, मराठी, मोडी, फोटो, आणि पाचवा 'किरकोळ'. वहिनींनी आणि त्यांच्या सुनेने तीन संध्याकाळी बसून हे केलं होतं. गंजलेल्या टाचण्या काढून एका वाटीत ठेवल्या होत्या. कागद झटकून, कडा जुळवून, प्रत्येक गठ्ठा सुती नाडीने बांधला होता. इतक्या मायेने केलेलं काम बघून मला पटकन काही बोलवेना.

कारण ट्रंकेत कागद जसे होते तसे आता कुठेच नव्हते.

ज्यांनी दप्तरखान्यात काम केलंय त्यांना हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. एखाद्या माणसाच्या कागदात एकेका कागदाला अर्थ असतो तसा दोन कागदांच्या शेजाराला असतो. पत्राखाली बिल का ठेवलं, व्याख्यानाच्या पोटात पोस्टकार्ड का सापडलं, हे ठेवणाऱ्याच्या डोक्यातलं असतं आणि ते कुठेही लिहिलेलं नसतं. म्हणून पहिला नियम असा की कागद ज्याच्याकडून आले त्याचे दुसऱ्याच्यात मिसळायचे नाहीत, आणि ज्या क्रमाने आले तो मोडायचा नाही. आधी क्रमांक घालायचे, मग हात लावायचा. रामकुंडावरच्या क्षेत्रोपाध्यायांना हे कुणी शिकवलेलं नाही. त्यांच्या वह्यांत यजमान गावाप्रमाणे आणि घराण्याप्रमाणे लागलेला असतो, आणि पणजोबाच्या सहीखाली पणतू सही करतो. उद्या कुणी त्या वह्या सोडवून तारखेवार लावल्या, तर सह्या सगळ्या शाबूत राहतील आणि घराणी नाहीशी होतील.

वहिनींना मी एवढंच विचारलं, "ट्रंक उघडली तेव्हा वर काय होतं, आठवतं का?"

"वर एक पंचांग होतं. आणि त्याखाली… कागदच होते हो."

आणखी एक गोष्ट कळली. नानांच्या पुतण्याला तिकिटांचा नाद. त्याने लिफाफे कोमट पाण्यात भिजवून तिकिटं सोडवून घेतली होती आणि लिफाफे टाकून दिले होते. जुन्या पत्रांत तारीख पुष्कळदा नुसती तिथी असते, वर्ष नसतंच. वर्ष सांगतो तो टपालाचा शिक्का. तो गेला तरी तिकिटावरचा राजा निदान काळाचा टप्पा सांगतो: सातवा एडवर्ड असेल तर १९०२ ते १९११ च्या सुमाराचं, पाचवा जॉर्ज असेल तर त्यानंतरचं. आता राजे अल्बमात होते आणि पत्रं गठ्ठ्यात. पोस्टकार्डं तेवढी वाचली, कारण त्यांच्यावर तिकीट छापलेलंच असतं, सोडवता येत नाही. पाव आण्याचं कार्ड १९२२ साली अर्ध्या आण्याचं झालं, त्यामुळे बिनतारखेच्या कार्डाचीही निदान एक बाजू ठरते. पोराला रागावून उपयोग नव्हता. त्याने अल्बम आणून दाखवला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते.

नऊ दिवसांत वाड्यात बसून काही होणार नव्हतं. ट्रंक, वाटीतल्या टाचण्या आणि पाच गठ्ठे असं सगळं माझ्या घरी आणलं. सुटे कागद मोजले ते ६४३ भरले. शिवाय दोन जाड वह्या आणि एक बांधीव रजिस्टर.

पहिला सुगावा ट्रंकेनेच दिला. आतल्या पत्र्यावर तळापासून चार बोटं उंचीवर तपकिरी रेघ होती. नाना म्हणाले, "ऑगस्ट दोन हजार सोळा. दुतोंड्याच्या डोक्यावरून पाणी गेलं ना, त्या दिवशी आमच्या ओसरीत शिरलं होतं." गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीवरूनच इथे पूर मोजतात, नाशिककराला याहून नेमकं मोजमाप लागत नाही. म्हणजे तळातले कागद भिजलेले असणार, वरचे कोरडे. भिजून वाळलेल्या कागदावर पाणी जिथवर चढलं तिथे गडद कडेचा डाग राहतो. ट्रंकेत कागद आडवे रचलेले होते, त्यामुळे अगदी तळचा पुरता डागाळलेला आणि वर येत जावं तसा डाग कडेकडेला आकसत गेलेला. पाचही गठ्ठ्यांतले डागाळलेले कागद बाजूला काढून डागाच्या रुंदीप्रमाणे लावले, तर तळचा थर ढोबळ मानाने उभा राहिला. जुनी काळी शाई पाण्याला बरीच टिकली होती. लोह आणि माजूफळाची शाई कागदात मुरून बसते, सहज पसरत नाही. कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेलं मात्र जांभळं होऊन शेजारच्या कागदावर उमटलं होतं. उमटलेलं अक्षर आरशात धरून वाचलं की शेजारी सापडायचा. असे १४ शेजारी सापडले.

दुसरा सुगावा टाचण्यांचा. टाचणी निघाली तरी गंजाचा ठिपका राहतो, आणि दोन भोकांमधलं अंतर प्रत्येक टाचणीचं वेगळं. वहिनींनी गंजकी टाचणी काढली ते चुकलं असं मी म्हणणार नाही, ती कधीतरी काढावीच लागते. कुठली टाचणी कुठल्या कागदांत होती हे पेन्सिलीने टिपून मग काढायची, इतकंच.

तिसरा सुगावा किडीचा, आणि खरं काम त्यानेच केलं.

कागद खाणारे दोन प्रकारचे. कसर वरवर चाटते. खळ, सरस, चकाकी असं काहीतरी गोड लागेल ते कुरतडते आणि कागदाला झिजवून विरविरीत करते. तिच्यापासून क्रमाबद्दल फारसं काही कळत नाही. दुसरा भुंगेऱ्याच्या जातीचा किडा. त्याची अळी गठ्ठ्यातून बोगदा पाडत जाते. एका कागदावर भोक, त्याच्या खालच्यावर त्याच जागी भोक, त्याखालच्यावर केसभर सरकलेलं, जरा मोठं. अळी वाढत जाते तसं भोकही वाढतं. भाषा, विषय, तारीख यातलं तिला काही कळत नाही. ती शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते. आपण मोडी आणि इंग्रजी वेगळं केलं, तिने दोन्ही एकाच बोगद्यात गुंफून ठेवलं होतं.

पद्धत साधी. प्रत्येक कागदावर बटर पेपर ठेवून भोकांची बाह्यरेषा बारीक पेन्सिलीने उतरवायची, कोपऱ्यात कागदाचा तात्पुरता क्रमांक घालायचा. मग बटर पेपर एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे. मूळ कागद सारखे हाताळावे लागत नाहीत हा फायदा. या कामात नानांची नववीतली नात माझ्यापेक्षा सरस निघाली. मी विषय वाचत बसायचो आणि फसायचो. ती वाचतच नव्हती, नुसती भोकं बघायची. "आजोबा, हे त्याच्याखालचं नाहीये, हे त्याच्यावरचं आहे. बघा ना, इथे छोटं आहे." चार महिन्यांचे रविवार गेले. आषाढात दमट हवेने काम थांबवावं लागलं. ओलसर कागद हातात नरम लागतो आणि बुरशीला आमंत्रण मिळतं.

शेवटी ३८० च्या आसपास कागदांची जागा खात्रीने ठरली. आणखी शंभरेक कागद 'या थरातले' इतपत. उरलेल्यांचं काही सांगता आलं नाही.

एवढी खटपट कशासाठी, हे नानांनी मला दोनदा विचारलं, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. घरच्यांना ट्रंकेत थोरामोठ्यांची पत्रं मिळतील अशी आशा होती. तशी एकही निघाली नाही. निघालं ते हे.

इंग्रजी गठ्ठ्यात त्यांच्या व्याख्यानांचे फुलस्केप कागद होते. त्यात प्लेगवरचं एक व्याख्यान, ज्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचे थर होते. मूळ मजकूर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघडकीला आला, १८९७ च्या जानेवारीत शास्त्रज्ञ हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, हा सगळा इतिहास तेव्हा ताजा होता. रोग पसरतो कसा, याबद्दल मात्र मूळ मजकुरात घाण, दमट जमीन, अनवाणी पायाच्या भेगा असंच लिहिलेलं. फ्रेंच डॉक्टर सिमाँने कराचीत १८९८ साली उंदराच्या पिसवेकडे बोट दाखवलं होतं, पण ते फार जणांना पटलं नव्हतं. १९०५ नंतर मुंबईत प्लेग कमिशनचे प्रयोग झाले आणि पिसवेवर शिक्कामोर्तब झालं. आमच्या डॉक्टरांनी जमिनीचा परिच्छेद खोडला नाही. त्यावर खळीने एक चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर पिसू लिहिली. चिठ्ठी वरच्या कडेलाच चिकटवलेली, उचलली की खालचं जुनं मत वाचता येतं. नंतर तांबड्या शाईत आणखी दोन चिठ्ठ्या. विद्यार्थ्यांना ते जुनं मत दाखवत असतील का? मला वाटतं, असतील. नाहीतर खोडूनच टाकलं असतं. अर्थात हा माझा तर्क.

हा एक कागद क्रम न लावताही हाती आला असता. पुढचा आला नसता.

बोगद्याने जुळलेला एक पट्टा २३ कागदांचा होता. त्यात इन्फ्लुएन्झावरचं इंग्रजी व्याख्यान, १९१८ ची चार पोस्टकार्डं, क्विनीनचं एक बिल आणि कंपाउंडरच्या वहीतून फाडलेलं पान, असं सगळं एकाआड एक. व्याख्यान वहिनींच्या पहिल्या गठ्ठ्यात होतं, कार्डं तिसऱ्या, आणि बिल व वहीचं पान 'किरकोळ'मध्ये. कार्डं मोडीत, जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात नेमलेल्या जुन्या विद्यार्थ्याची. मोडी वाचणारा मित्र बोलावला. त्या पावसाळ्याच्या शेवटी आलेल्या साथीबद्दल, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणायचे, विद्यार्थी गुरुजींना कळवतोय: चेहरा जांभळट पडतो, नाकातून रक्त येतं, म्हातारे तगतात आणि तरणी माणसं दोन-तीन दिवसांत जातात. पाव आण्याच्या कार्डावर जागा पुरली नाही म्हणून कडेने आडवं लिहिलंय, क्विनीनचा काही उपयोग दिसत नाही.

इंग्रजी व्याख्यानात हीच लक्षणं याच क्रमाने येतात. तिथे ती 'माझ्या पाहण्यात आलेली' अशी येतात, विद्यार्थ्याचा उल्लेख नाही. क्विनीनवरची ओळ आधी लिहून मग कापलेली, आणि समासात मिक्श्चरचं नवं प्रमाण, ग्रेन आणि ड्रॅममध्ये. कंपाउंडरच्या फाटक्या पानावर तेच प्रमाण.

सुटं सुटं पाहिलं तर हे एक सर्वसाधारण व्याख्यान, चार खुशालीची कार्डं आणि रद्दीत घालायचं एक बिल होतं. एकाआड एक ठेवल्यावर दिसलं की मुंबईतला प्राध्यापक तालुक्यातल्या पोराच्या डोळ्यांनी साथ बघत होता. नानांना मी हे दाखवलं तेव्हा ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे आजोबांनी त्या मुलाचं नाव घेतलं नाही." मी म्हटलं, तेव्हाची रीतच तशी असेल. ते म्हणाले, "असेल. पण घेतलं नाही." मला त्यांचं म्हणणं खोडावंसं वाटलं नाही.

जाता जाता एक. कंपाउंडरच्या वहीत एक कातरलेली कागदी पट्टी सापडली, दोन्ही कडांना खाचा पाडलेली. नातीला वाटलं दिवाळीच्या झिरमिळ्या. मिक्श्चरच्या बाटलीला उभी चिकटवायची ती पट्टी, एकेक खाच म्हणजे एकेक डोस. माझ्या लहानपणी बघितलेली वस्तू शंभर वर्षांच्या वहीत भेटली आणि तोंडाला ती कडूगोड चव आली.

आता रजिस्टर. यामुळेच वर कुणाचं नाव लिहिलं नाही.

नाशकातल्या दवाखान्याचं ते रजिस्टर, १९२१ ते १९३१ पर्यंतचं. नाव, गल्ली, जात, तक्रार, औषध. अक्षर सुरेख. घरच्यांना सगळ्यात आवडलेली वस्तू हीच, कारण त्यात ओळखीची आडनावं होती. पुतण्याने दोन पानांचे फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले होते. खाली प्रतिक्रिया आल्या होत्या: "अरे हे तर आपल्या समोरच्यांचे पणजोबा!" काही नावांपुढे औषधाच्या रकान्यात नुसता आकडा होता, ६०६ किंवा ९१४. ग्रुपवर अंदाज चालले होते. कुणी म्हणालं सिटी सर्व्हे नंबर, कुणी म्हणालं उधारीचा हिशेब.

मलाही कळलं नव्हतं. ओळखीच्या एका निवृत्त त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं, तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "हे कुणाकुणाला दाखवलंत?"

६०६ म्हणजे साल्व्हरसान. जर्मनीत एर्लिख आणि हाता यांनी शोधलेलं, १९१० साली बाजारात आलेलं आर्सेनिकचं औषध. त्याचा प्रयोगशाळेतला क्रमांकच त्याचं नाव होऊन बसला. ९१४ ही त्याची १९१२ ची सुधारलेली आवृत्ती. पेनिसिलिन येईपर्यंत उपदंशावर, म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी म्हणत त्यावर, हेच मुख्य औषध. डॉक्टरांनी तक्रारीच्या रकान्यात रोगाचं नाव टाळलं होतं. तिथे 'अशक्तपणा', 'अंगदुखी' असं काहीबाही लिहून आकडा औषधात टाकला होता. कंपाउंडरला कळावा, ओसरीवर बसलेल्या बाकीच्यांना कळू नये, म्हणून. शंभर वर्षं तो आकडा मुका राहिला, आणि आम्ही त्याचा फोटो २७ माणसांच्या ग्रुपवर लावला.

त्याच रात्री नानांना फोन करून ते फोटो काढून टाकायला सांगितलं. कारण सांगितलं नाही, 'समोर भेटून बोलू' म्हटलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा नानांनी पहिल्यांदा विचारलं, "समोरच्यांचे पणजोबा त्यात आहेत का?" मी म्हटलं, "ते मी बघितलं नाही आणि तुम्हीही बघू नका." खोटं बोललो. बघितलं होतं.

कायद्याकडे वळून पाहिलं तर फारसा आधार मिळत नाही. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी दप्तराचा, घरच्या ट्रंकेला लागू नाही. डॉक्टरांनी आंतररुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं ठेवावीत हा हल्लीचा नियम जपण्याबद्दल आहे, शंभर वर्षांनी उघडण्याबद्दल नाही. मेलेल्या माणसाची बदनामी गुन्हा ठरते ती जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखवण्याचा हेतू असेल तरच. पण जुन्या नाशकात गल्ली तीच असते, आडनाव तेच असतं, आणि लग्नं जमवताना अजूनही चौकशी होते. परदेशी दप्तरखान्यांत रुग्णांच्या नोंदी शेवटच्या नोंदीपासून शंभर वर्षं बंद ठेवायची प्रथा बरीच रूढ आहे. त्या हिशेबाने हे रजिस्टर २०३१ नंतर उघडेल.

इथे माझं आणि त्या डॉक्टरमित्राचं जमलं नाही. ते म्हणाले, जाळून टाका, ज्याने आकड्यात लिहिलं त्याची इच्छा स्पष्ट आहे. मी म्हटलं, नाशकात १९२० च्या दशकात कुठल्या गल्लीत काय आजार होते याचा इतका सलग पुरावा पुन्हा मिळणार नाही. मलेरिया, विषमज्वर, बाळंतरोग, सगळं त्यात आहे. त्यांनी विचारलं, "आणि नावं?" त्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं.

नानांनी मधला मार्ग काढला, आणि तो आम्हा दोघांपेक्षा शहाणपणाचा होता. नाव आणि आडनावाचा रकाना वगळून बाकी रजिस्टर मी एका वहीत उतरवायचं, गल्लीऐवजी फक्त पेठ किंवा भाग लिहायचा, ६०६ आणि ९१४ च्या नोंदींना भागसुद्धा नाही. ती वही अभ्यासकांना खुली. मूळ रजिस्टर खारव्याच्या बासनात बांधून, वर २०३१ लिहून, नानांच्या बँकेच्या लॉकरमध्ये. "तोपर्यंत मी नसेन," ते म्हणाले, "नातीला सांगून ठेवलंय."

बाकी कागद कुणाकडे द्यायचे यावर महिनाभर गेला. एका संस्थेने सगळे घ्यायची तयारी दाखवली, पण त्यांच्या कपाटात विषयवार लावणार म्हणाले: व्याख्यानं वैद्यक विभागात, मोडी मोडीत, बिलं नकोत. वहिनींनी ऐकलं आणि माझ्याआधी त्याच म्हणाल्या, "म्हणजे मी केलं होतं तेच की." तिथे दिले नाहीत. सध्या ते माझ्याकडेच आहेत, दोन स्टीलच्या पेट्यांत, जमिनीपासून चार विटांवर. प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने दोन क्रमांक आहेत: वहिनींच्या गठ्ठ्यातला आणि किडीच्या बोगद्यातला. वहिनींचा क्रमांक खोडावा असं मला वाटलं नाही. तोही आता या कागदांच्या इतिहासाचा भाग झालाय.

पुतण्याने अल्बम दिला नाही. पण प्रत्येक तिकिटाखाली, ते कुठल्या पत्राचं असावं याचा अंदाज त्याने स्वतः लिहायला घेतलाय. आतापर्यंत नऊ जुळली.

एक कागद राहिला. चौकोनी, निळसर, टाचणीचा ठिपका नाही, पाण्याचा डाग नाही. भोकं तीन आहेत, पण कुठल्याच बोगद्याशी जुळत नाहीत. त्यावर मोडीत एकच ओळ आहे, उद्या येतो म्हणून, सही नाही. नातीने त्याचा बटर पेपर सगळ्या पट्ट्यांवर फिरवून पाहिला, दोनदा. मग एक रिकामं पाकीट घेतलं, तो आत ठेवला आणि वर लिहिलं, 'जागा सापडली नाही'.